उदास गाण्यांमागच्या हातांना नाव पण हवं आणि वाटा पण

द नॅशनल या अमेरिकन बँडचा विषय निघाला की बोलणं दोन मिनिटांत मॅट बर्निंगरच्या आवाजावर येतं. खर्जातला, थकलेला, शब्द ओठातल्या ओठात सोडणारा आवाज. भारीच आहे तो, त्यात वादच नाही. पण हा बँड इतकी वर्षं ऐकल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. या गाण्यांमधला जो मूड आपल्याला धरून ठेवतो, रात्री उशिरा हेडफोन काढू देत नाही, तो एकट्या गायकाचा नसतो आणि पाच जणांच्या बँडचाही पूर्ण नसतो. त्यातला मोठा भाग बाहेरून येऊन वाजवून गेलेल्या लोकांचा असतो. कुणी व्हायोला (व्हायोलिनचा थोडा मोठा भाऊ) वाजवून गेलेलं असतं, कुणी ट्रम्पेट, कुणी मागे चार ओळी गाऊन गेलेलं असतं, कुणी महिनोन् महिने मिक्सिंग करत बसलेलं असतं. या लोकांची नावं आज ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत, आणि स्ट्रीमिंगचा पैसा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. या दोन्ही गोष्टी बदलायला हव्यात आणि त्या कलाकारांच्या चांगुलपणावर न सोडता नियमाने बदलायला हव्यात, असं माझं म्हणणं आहे.

आधी बँडबद्दल थोडं, कारण उदाहरण त्यांचंच घेणारे. मूळचे ओहायोतल्या सिनसिनाटीचे, बँड उभा राहिला १९९९ मध्ये ब्रुकलिनला. दोन भावांच्या जोड्या, ॲरन आणि ब्राइस डेसनर हे जुळे, स्कॉट आणि ब्रायन डेव्हेन्डॉर्फ हे दुसरे, आणि गायला बर्निंगर. २००७ चा त्यांचा अल्बम 'बॉक्सर', त्यातलं पहिलंच गाणं 'फेक एम्पायर' घ्या. पियानोने सुरू होतं, आणि पियानोचा एक हात तीनात चालतो, दुसरा चारात. आपल्याकडे लयकारीत तीनात चार बसवतात तेच हे, फक्त इथे कुणी समेवर येऊन दाद मागत नाही, ते तसंच संथ चालू राहतं आणि ऐकताना पायाखालची जमीन किंचित हलतेय असं वाटत राहतं. ड्रम्स बराच वेळ येतच नाहीत. ब्रायनचे ड्रम्स आले की गाणं उठून चालायला लागतं, आणि शेवटी गायक गप्प झाल्यावर ब्रास येतं, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे छोटे छोटे तुकडे एकमेकांवर चढत जातात, जवळजवळ आनंदासारखं काहीतरी होतं आणि गाणं संपतं. सगळ्या गाण्याची उदासी ज्याच्यामुळे सहन होते तो हा शेवट. ही ब्रासची मांडणी पद्मा न्यूसम या माणसाची.

न्यूसम ऑस्ट्रेलियन. येल विद्यापीठात संगीत शिकायला आला, तिथे ब्राइस डेसनर भेटला, दोघांनी क्लॉग्ज नावाचा वेगळाच चेंबर ग्रुप, म्हणजे मोजक्या वादकांचा गट, काढला. बँडचा सभासद तो कधीच नव्हता, फोटोत नसतो, पण त्या काळातल्या अल्बममधल्या तंतुवाद्यांवर आणि ब्रासवर त्याचा हात आहे. आता गंमत बघा, २००८ च्या निवडणुकीत ओबामांच्या प्रचाराच्या व्हिडिओत हेच गाणं वापरलं गेलं, आणि वापरलं ते गाण्याशिवायचं, म्हणजे नुसतं वाद्यांचं. ज्या आवाजाला आपण बँडची ओळख समजतो तो काढून टाकला तरी गाणं उभं राहिलं. त्या मिनिटांत जे काही उरलं होतं त्यात न्यूसमचा वाटा किती मोठा आहे हे कुणीही कान देऊन ऐकलं तर कळेल.

आणि न्यूसम एकटा नाही. 'बॉक्सर'वरच सुफियान स्टीव्हन्सचा पियानो आहे, 'एडा' आणि 'रेसिंग लाइक अ प्रो' या दोन गाण्यांत. तेव्हा सुफियान स्वतः मोठं नाव होता, पण गाण्याच्या नावात तो कुठेही नाही, आत वहीवजा कागदावर बारीक अक्षरात आहे. थॉमस बार्टलेट कीबोर्डवर आहे, मार्ला हॅन्सन मागे गातेय. शब्दांच्या बाबतीत तर अनेकांना माहीतच नसतं की बर्निंगरच्या ओळी बऱ्याच ठिकाणी दोघांच्या असतात, त्याच्या आणि त्याची बायको कॅरिन बेसर हिच्या. ती न्यूयॉर्कर मासिकात फिक्शन एडिटर होती. 'एकाकी पुरुषाची कबुली' म्हणून जे आपण ऐकतो ते एका नवरा-बायकोने मिळून लिहिलेलं असतं, आणि मला तर हे कळल्यावर ती गाणी जास्त आवडायला लागली. रेकॉर्डिंग-मिक्सिंगला पीटर केटिस, कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला त्याचा घरातला स्टुडिओ. हाच केटिस इंटरपोल या बँडच्या २००२ च्या पहिल्या अल्बमवर पण आहे. दोन वेगवेगळ्या बँडमधला तो ओलसर काळोख एकाच घरातून आलेला आहे ही गोष्ट किती जणांना माहिती असते?

मग २०१९ चा 'आय ॲम ईझी टू फाइंड' आला. त्यात बँडने उघडपणे मान्य केलं की आम्ही एकटे नाही. गेल ॲन डॉर्सी, लिसा हॅनिगन, शॅरन व्हॅन एटन, केट स्टेबल्स, मीना टिंडल, ईव्ह ओवेन, शिवाय ब्रुकलिन यूथ कोरस. पहिलं गाणं सुरू होतं, तुकडे तुकडे केलेली गिटार, बर्निंगर घाईघाईत गातोय, आणि मध्येच ते सगळं बाजूला होतं आणि डॉर्सी येते. डॉर्सी म्हणजे १९९५ पासून बरीच वर्षं डेव्हिड बोवीबरोबर बेस वाजवलेली बाई, खालच्या पट्टीतला भरलेला आवाज. ती आली की कळतं की आत्तापर्यंत गाण्यातल्या बाईबद्दल एक पुरुष बोलत होता आणि आता ती स्वतः बोलतेय. गाण्याचा अर्थच फिरतो. तेव्हा काही समीक्षक आणि बरेच फॅन्स कुरकुरले की पाहुणे फार झाले, आमचा मॅट कुठे गेला. मला ती तक्रार मुळातच पटत नाही. मॅटचा आवाज तिथेच आहे, फक्त बाकीचे आवाज, जे आधी मागे दबलेले असायचे, ते पुढे आणून बसवलेत. तो अल्बम माझ्या मते त्यांचं सगळ्यात प्रामाणिक काम आहे.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. २०१९ च्या त्या अल्बमवर एवढ्या बायका गातायत, पण एकाही गाण्याच्या नावापुढे 'फीट.' (फीचरिंग, म्हणजे 'सोबत अमुक कलाकार') नाही. २०२३ मध्ये त्यांचे दोन अल्बम आले, त्यात मात्र 'फीट.' आहे: टेलर स्विफ्ट, फीबी ब्रिजर्स, सुफियान स्टीव्हन्स, बॉन इव्हेर, रोझॅन कॅश. मला यांच्यापैकी कुणाबद्दल तक्रार नाही, टेलर स्विफ्टबरोबरचं गाणं तर सुंदर आहे, आणि २०२० मध्ये ॲरन डेसनरने तिच्या 'फोकलोर' अल्बमवर जे केलं त्याचाच तो पुढचा भाग आहे. पण 'फीट.' कुणाला मिळतं हे बघितलं तर सरळ दिसतं. ज्याचं नाव टाकल्यावर शोधणारे वाढतात त्याला मिळतं. ट्रॉम्बोनवाल्या बेन लान्झला मिळत नाही, ट्रम्पेटवाल्या काइल रेसनिकला मिळत नाही, आणि ही दोघं वर्षानुवर्षं बँडबरोबर फिरतायत, स्टेजवर कडेला उभी राहून ते सगळे शेवट वाजवतायत ज्यांच्यावर पब्लिक ओरडतं. म्हणजे आज गाण्याच्या नावात येणारं श्रेय हे कामाचं नसून मार्केटचं आहे. आणि ॲपवर बहुतेक लोक फक्त गाण्याचं नावच वाचतात.

क्रेडिट्स ॲपवर आहेत की, असं कुणीतरी म्हणेलच. आहेत. तीन टिंबांवर दाबा, खाली स्क्रोल करा, मग एक यादी उघडते, आणि त्या यादीत कधी गीतकार-निर्माता एवढंच असतं, कधी वादक असतात, कधी अर्धेच असतात. जुन्या अल्बमचं तर विचारूच नका. कॅसेट-सीडीच्या काळात आत घडी घातलेला कागद असायचा आणि तो आपण बसमध्ये, जेवताना, कुठेही वाचत बसायचो, त्यातून कळायचं की हा सेलो अमक्याचा, मग त्याचा स्वतःचा अल्बम शोधायचो. मी स्वतः अशीच 'बॉक्सर'वरून क्लॉग्जपर्यंत गेले, बार्टलेट डव्हमन या नावाने जे संगीत करतो तिथपर्यंत गेले, लिसा हॅनिगनचे अल्बम तर आता मी बँडपेक्षा जास्त ऐकते. 'नावं वाचून कोण गाणं ऐकतं' असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. नाव हा छोट्या कलाकाराकडे जाणारा रस्ता असतो, आणि आजच्या घडीला तो रस्ता तीन टिंबांच्या मागे दडवलाय.

हे सगळं द नॅशनलपुरतंच आहे असं नाही. या जातीच्या संगीताचा, म्हणजे संथ, धूसर, वातावरण उभं करणाऱ्या रॉकचा, पायाच असा सामूहिक आहे. टॉक टॉक हा इंग्लिश बँड, १९८८ चा त्यांचा 'स्पिरिट ऑफ ईडन'. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत काम चालायचं, खोलीत अंधार, भिंतीवर ऑइल प्रोजेक्टरचे हलते रंग, आणि बँडचा गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीज-ग्रीन एकेका वादकाला बोलवून मोकळं वाजवायला सांगायचे. तासन् तास रेकॉर्डिंग, आणि त्यातलं बहुतेक पुसून टाकायचं, ठेवायचे ते थोडे क्षण. नायजेल केनेडीचं व्हायोलिन, मार्क फेल्थमचा माउथऑर्गन, हेन्री लाउदरचा ट्रम्पेट, डॅनी थॉम्पसनचा डबल बेस. थॉम्पसनचाच बेस १९६९ मध्ये निक ड्रेक या इंग्लिश गायकाच्या पहिल्या अल्बमवर आहे. दोन पिढ्यांच्या इंग्लिश उदासीखाली एकाच माणसाची बोटं आहेत, आणि आज निक ड्रेक आणि मार्क हॉलिस या दोघांची नावं फॅन्स जपमाळेसारखी घेतात, थॉम्पसनचं किती जण घेतात?

टॉक टॉकचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण ते माझ्याच म्हणण्याला थोडं आडवं जातं. त्या तासन् तासांच्या वाजवण्यातून नेमका कुठला क्षण ठेवायचा हे हॉलिसने ठरवलं, आणि ते ठरवणं हीच मोठी रचना आहे. म्हणून मी असं म्हणत नाही की प्रत्येक वादकाला गीतकार-संगीतकाराचा हक्क द्या. ज्याने गाणं रचलं ते त्याचं. पण रचना वेगळी आणि ते रेकॉर्डिंग वेगळं, कायद्यात सुद्धा वेगळं. आपण ऐकतो ते रेकॉर्डिंग. त्या रेकॉर्डिंगमध्ये ज्याचा श्वास आहे, ज्याची बोटं आहेत, त्याचा त्या रेकॉर्डिंगच्या कमाईत काहीतरी भाग असणं यात अवाजवी काय आहे?

'अहो पण त्यांना फी मिळाली ना' हा सगळ्यात कॉमन मुद्दा. एकदा पैसे घेतले, घरी गेले, विषय संपला. याला उत्तर म्हणून क्लेअर टॉरी या गायिकेचं नाव पुरेसं आहे. १९७३, पिंक फ्लॉइड हा इंग्लिश बँड, लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ. शब्द नसलेलं एक गाणं होतं, मृत्यूबद्दलचं, आणि टॉरीला सांगितलं गा काहीतरी. ती गायली, शब्दांशिवाय, रडणं आणि किंचाळणं आणि शेवटी शांत होणं, आणि मिळाले ३० पाउंड. ते गाणं ज्यात आहे तो 'द डार्क साइड ऑफ द मून' जगातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमपैकी एक झाला. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि तेव्हापासून 'द ग्रेट गिग इन द स्काय'च्या रचनाकारांत बँडच्या रिक राइटबरोबर तिचं नाव लागतं. ३० वर्षं लागली. आणि ती लढू शकली कारण तिचा भाग इतका उघड होता की नाकारणं कठीण होतं. मागे हळू आवाजात चार सूर धरून ठेवणारा व्हायोलावाला कुठल्या कोर्टात जाणार? त्याच्यासाठी वकील परवडण्याइतका त्याचा भाग कधीच मोठा नसतो, म्हणूनच त्याला खटल्याची नाही, नियमाची गरज आहे.

आणि नियम काही आकाशातून आणायचा नाहीये. रेडिओला तो आहे. ब्रिटनमध्ये गाणं रेडिओवर वाजलं की पीपीएल ही संस्था पैसे गोळा करते आणि त्यातला वाटा मुख्य कलाकाराबरोबर सेशनवाल्यांना, म्हणजे बाहेरून येऊन वाजवून-गाऊन गेलेल्यांना, सुद्धा जातो. अमेरिकेत साध्या एफएम रेडिओकडून वादकांना काहीच मिळत नाही, ही तिथली जुनी लाजिरवाणी गोष्ट, पण सॅटेलाइट आणि इंटरनेट रेडिओच्या पैशांतले ५ टक्के कायद्यानेच सेशन वादक आणि मागे गाणाऱ्यांच्या फंडात जातात, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला. ५ टक्के कमीच आहेत, पण आहेत. आणि तुम्ही तेच गाणं स्वतः निवडून स्ट्रीमिंग ॲपवर लावलं की हा हिशोब गायब होतो. तिथे पैसा करारानुसार जातो, आणि सेशनवाल्याचा करार बहुतेक वेळा एकदाच्या फीचा असतो. लोक रेडिओवरून ॲपवर गेले तसा या माणसांचा छोटासा पण नियमित पैसा आटत गेला, यांनी काही वेगळं वाजवलं म्हणून नाही, फक्त ऐकायचं यंत्र बदललं म्हणून.

ब्रिटिश संसदेच्या समितीने जुलै २०२१ च्या अहवालात स्पष्ट सुचवलं होतं की रेडिओसारखा न्याय्य मोबदला स्ट्रीमिंगलाही लागू करा. मोठ्या कंपन्यांनी विरोध केला, कायदा तसा बदलला नाही. स्पेनमध्ये मात्र वादक-गायकांना असा मोबदल्याचा हक्क कायद्यात आहे, आणि तिथला संगीत धंदा काही बुडाला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या ॲरेंजर आणि वादकांनी काय करून ठेवलंय हे आता थोडंफार बोललं जातं. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनसाठी ॲरेंजमेंट करायचे, पोस्टरवर नाव कुणाचं हे सगळ्यांना माहितीये. माजोर्ड्याचे ॲन्थनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, आणि देशाला त्यांचं नाव माहीत आहे ते १९७७ च्या सिनेमातल्या गाण्यामुळे, म्हणजे शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं म्हणून. त्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना कळलं की हा खरा माणूस आहे आणि त्याने सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता? २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क कलाकाराला मिळाला. त्यासाठीची संस्था आधी गायकांची म्हणून उभी राहिली, आता तिच्या नावात वादकही आहेत. म्हणजे कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. आता ते शेवटच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याच्या बँक खात्यापर्यंत जायला हवं.

राहिला एक मुद्दा, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. लहान बँडचं काय? तीन-चार मुलं पदरचे पैसे घालून अल्बम करतात, मैत्रिणीला बोलवून सेलो वाजवून घेतात, स्ट्रीमिंगमधून त्यांना स्वतःलाच चहापुरते पैसे सुटत नाहीत, त्यातून अजून वाटे पाडायचे? नाही. हा वाटा बँडच्या हिश्श्यातून काढायचाच नाही. स्ट्रीमिंगच्या उत्पन्नातला साधारण ३० टक्के भाग ॲप ठेवतं आणि अर्ध्याहून जास्त रेकॉर्डिंगच्या मालकाकडे जातो, आणि मोठ्या कॅटलॉगच्या बाबतीत तो मालक म्हणजे लेबल, रेकॉर्ड कंपनी. वाटा तिथून निघाला पाहिजे, आणि जिथे मालक बँड स्वतःच आहे आणि कमाई एका ठरावीक रकमेच्या खाली आहे तिथे सूट द्यावी. बँडने करायचं ते फुकटचं आहे: गाणं अपलोड करताना वाजवलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वाद्य भरायचं. आणि ॲपने ती नावं गाण्याच्या मुख्य स्क्रीनवर, नावाच्या लगेच खाली दाखवायची, दाबता येतील अशी.

'एवढा हिशोब ठेवणार कोण' असं कंपन्या विचारतात, तेव्हा मला खरंच राग येतो. कुठलं गाणं कुणी कितव्या सेकंदाला बदललं एवढं ज्यांना कळतं त्यांना कोण वाजवतंय हे नोंदवता येत नाही? आणि यादी बऱ्याच प्रमाणात तयारच आहे, पीपीएलकडे रेडिओच्या पैशांसाठी रेकॉर्डिंगनिहाय वादक-गायकांची नोंद आजही होते. तीच नोंद स्ट्रीमिंगच्या हिशोबाला जोडायची, आणि जिथे जुन्या रेकॉर्डिंगची नोंद अपुरी आहे तिथे वादकाला स्वतः येऊन दावा करता येईल अशी मुदत ठेवायची, ज्यांनी त्या काळी वाजवलंय त्यातले कित्येक जण अजून हयात असताना.